चाक कुठं व्हतं?

उस्ताद बहिरे नव्हते. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: एक खुद्द उस्ताद आणि दुसरा मी. बाकी सगळी शाळा, सगळं झरी गाव आणि त्यांची पोटची पोरगी प्रज्ञासुद्धा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची. उस्ताद मान तिरकी करायचे, कानामागे हात धरायचे आणि म्हणायचे, "आँ?" हे "आँ?" इतकं बेमालूम असायचं की कधीकधी मलाही वाटायचं, च्यायला, खरंच गेले की काय यांचे कान!

छे, कुठले जातात! एकदा मधल्या सुट्टीत ते घंटेखाली स्टुलावर बसले होते. बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रक घरघरत गेला. उस्ताद स्वतःशीच पुटपुटले, "तिसरा गेर उशिरा टाकला येड्यानं." मी शेजारीच उभा होतो. आमची नजरानजर झाली. उस्तादांनी शांतपणे हात कानामागे नेला आणि उलट मलाच विचारलं, "आँ? काही म्हणलाव का, सर?"

हे सोंग त्यांना का घ्यावं लागलं ते सांगायचंय, कारण त्याला कारण मी आहे. पण त्याआधी उस्ताद ही काय चीज होती ते कळायला पाहिजे.

परभणी-झरी रस्त्यावरच्या आमच्या शाळेची पिवळी बस ते चालवायचे. मी तिथंच इतिहास शिकवायचो. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. लेकरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. रोज सकाळी बसभोवती त्यांची एक फेरी व्हायची. सहाही टायरांवर मुठीनं ठकठक करायची, आवाज ऐकायचा आणि मगच चढायचं. हे फक्त स्वतःच्या गाडीपुरतं असतं तर चाललं असतं. पण रिक्षा असो, कुणाची जीप असो, चाकं वाजवल्याशिवाय हा माणूस कशातच पाय ठेवत नसे. एका लग्नात नवरीच्या सजवलेल्या गाडीला नवरदेवाच्या आधी यांनीच फेरा मारला आणि वरपक्ष भांडायला उठला होता.

बसला त्यांनी कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या ड्रायव्हरनं एकदा आणून दिली, तर म्हणाले, "लिंबू काय बिरेक दाबणार हाय का?" आणि ते लिंबू पिळून सरबत केलं. मिरच्या त्यांच्या घरी वहिनींनी ठेच्यात घातल्या.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. शाळेत कुणाचंही कसलंही भांडण लागो, उस्ताद मध्ये पडून विचारायचे, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. चाक कुठं व्हतं?" मोटारसायकली एकमेकींना घासल्या असतील तर हा प्रश्न ठीक आहे. पण स्टाफरूममध्ये कुणी कुणाचा डबा खाल्ला यावरून जुंपली तरी हेच. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हसू नका. माणूस आपल्या सोयीनं बोलतंय. चाकाला सोय नसती. ते जिथं गेलं, तिथं त्याचा माग असतोय. आधी खाली बघा, मग तोंड उघडा."

मला हे वाक्य फार आवडायचं. मी ते वर्गात पुराव्याचा धडा शिकवताना माझं म्हणून वापरायचो.

सव्वीस वर्षं त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. ही बढाई ते दुसऱ्या कशाबद्दलच मारत नसत, याच्याबद्दल मात्र मारत. गाडी मागं घ्यायची असली की त्यांचा नियम होता, मागं माणूस पायजे, आन् तो मुका नको. ज्याच्यावर भरवसा त्यालाच उभं करायचे. त्यानं "येऊ द्या" म्हटलं की डोळे मिटून यायचे, "थांबा" म्हटलं की जागेवर थांबायचे. आरशात बघत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणूस उभा केल्यावर आरशात बघणं म्हंजे त्याचा अपमान हाय."

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी वडिलांच्या नावानं शाळेच्या फाटकावर कमान बांधली होती. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मैदानात मांडव पडलेला, त्यामुळे बस वळायला जागा नाही. उस्तादांना ती कमानीतून मागं काढायची होती. त्यांनी मला हाक मारली, "सर, तुमी उभे ऱ्हावा मागं." मी उभा राहिलो. "येऊ द्या, येऊ द्या" सुरू केलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. उद्याच्या स्वागताच्या भाषणात कुणाचं नाव आधी घ्यायचं हे विचारायला मुख्याध्यापकांचा फोन होता. मी तोंड फिरवलं. एका कानाला फोन, आणि दुसरीकडे तोंडानं सवयीनं चालूच, येऊ द्या, येऊ द्या.

धाडकन आवाज झाला. बसचा मागचा कोपरा डाव्या खांबात शिरला होता. प्लास्टर ढासळलं आणि अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी खाली पडून तिचे तीन तुकडे झाले.

पाच मिनिटांत अध्यक्ष आले. "मागं कोण होतं?" त्यांनी विचारलं. माझी कायम होण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर पडून होती. मी म्हणालो, "मी होतो साहेब. मी थांबा, थांबा म्हणत होतो."

उस्ताद खाली उतरलेले होते. त्यांनी आधी चाकाकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे. मग शांतपणे म्हणाले, "सर म्हणले असतील. मला ऐकू आलं न्हाई."

"म्हणजे कान गेले की याचे!" अध्यक्ष ओरडले. "याच्या हातात लेकरं द्यायची का?"

झालं. चावी काढून घेतली आणि त्यांना शिपाई केलं. उरलेली सगळी नोकरी त्यांनी घंटा वाजवली, ती मात्र अशी वेळेवर की तिच्यावर परभणीच्या बाजारातली घड्याळं लावून घ्यावीत.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हटलं, पाय धरू. "उस्ताद, काल माझ्याकडून..." एवढं बोललो, तर त्यांनी मान तिरकी केली. "आँ?" मी परत म्हणालो, "काल मी..." तर परत "आँ?" आणि मग, "चहा घ्या सर. निवायलाय." जगातलं त्यांचं पहिलं "आँ?" मी ऐकलं ते असं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तो विषय काढायला गेलो, तेव्हा तेव्हा हा माणूस ठार बहिरा झाला. आणि खरं सांगतो, दर वेळी मला आतून सुटल्यासारखंही वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

प्रज्ञा तेव्हा माझ्या वर्गात होती, आठवीत. त्या दिवसापासून ती बापाशी ओरडून बोलायला शिकली. पुढं ती शिकत गेली, सरकारी शिष्यवृत्ती घेऊन इटलीला गेली, तिथंच नेपल्स शहरात प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सुट्टीला आली की पहिलं काम बापाचे कान. एकदा परभणीत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं बंद खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात आणि ऐकू आली की बटण दाबायचं असतं. उस्तादांनी बटणाला हातच लावला नाही. डॉक्टर हळहळले, पोरगी रडली आणि कानात घालायचं मशीन आलं. नंतर उस्ताद मला एकट्याला गाठून म्हणाले, "लय अवघड परीक्षा असती सर. ऐकू यायलंय आन् हात गप ठेवायचा." मशीन ते बंद करून घालायचे. म्हणजे ते घातल्यावर खरंच थोडं कमी ऐकू यायचं.

दोघंही निवृत्त झाल्यावर प्रज्ञाचा मला फोन आला. "सर, बाबांना इकडं बोलवायचंय. त्यांना ऐकू येत नाही, एकट्याला कसं पाठवू? तुम्ही सोबत याल का? तुम्हाला रोम-बिम बघायचंच होतं ना." वहिनींनी विमानाला साफ नकार दिला होता. मी आयुष्यभर पुस्तकातून रोमन साम्राज्य शिकवलेला माणूस. लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, लेकीसमोर त्यांचं सोंग आता मलाही सांभाळावं लागणार, पण हो म्हणून बसलो होतो.

हैदराबादच्या विमानतळावर उस्ताद काचेला नाक लावून उभे. विमानाची चाकं मोजायलेत. मोजून झाल्यावर म्हणाले, "चाकं भक्कम हायत. पर हवा कुणी बघायलंय का?" मी म्हटलं, बघतात. "वाजवून?" म्हटलं, असेल. विमानात ते पूर्ण वेळ उजवा पाय दाबून बसले. उतरल्यावर पायाला गोळे आले होते.

नेपल्सजवळ पॉम्पेई म्हणून जुनं रोमन शहर आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं आणि नंतर उकरून काढलं. प्रज्ञानं एका रविवारी आम्हाला तिथं नेलं. मी रात्री जागून वहीत टिपणं काढली होती. कुठला चौक, कुठलं देऊळ, कुठलं नाट्यगृह. उस्तादांना सगळं समजावून सांगायचं, असा माझा बेत होता. मास्तरची खोड, दुसरं काय.

आत शिरलो आणि शे-दीडशे पावलांवर माझी वही बंद पडली. सगळं जग माना वर करून खांब बघत होतं. उस्ताद एकटे खाली बघत होते. दगडी फरसबंदीचा रस्ता, आणि त्या दगडात दोन समांतर खोल घळी. उस्ताद एकदम उकिडवे बसले. घळीत हात घातला, मनगटापर्यंत गेला.

"सर, चाकोरी हाय ही!" त्यांचा आवाज बदलला होता. "आमचा बाप दुसऱ्याच्या गाडीवर मानवतला कापूस न्यायचा. पावसाळ्यात काळ्या रानात अशी चाकोरी पडायची. इथं दगडात पडलीया. किती गाड्या गेल्या असतील हो!"

मग काय, तो दिवस उस्तादांचा झाला. रस्त्याच्या मधोमध उंच दगड मांडलेले असतात, पाणी साचलं की लोकांना ओलांडायला. मी ते वहीत बघून सांगणार, तोवर उस्ताद विती मोजून मोकळे. "दोन दगडायच्या मधी चाकाची जागा सोडलीय. म्हंजे सगळ्या गाड्या एका मापाच्या. हुशार माणसं व्हती!" एका दगडी ओट्याला गोल खड्डे होते, त्यात मडकी बसवून गरम जेवण विकायचे, असं मी ओरडून सांगितलं. उस्ताद म्हणाले, "मला म्हाईत हाय. डायवर लोकायचं हॉटेल हाय हे. समोर रस्ता बघा कसा रुंद ठेवलाय, गाडी लावायला."

एका वळणावर एक बाई गोऱ्या लोकांच्या घोळक्याला माहिती देत होत्या. उस्ताद त्यांच्या पायांमधून वाकून दगड बघायला लागले. बाई थबकल्या. उस्तादांनी प्रज्ञाला हाक मारली, "सांग त्यायला, हा रस्ता येकेरी व्हता. गाड्या वरून खाली जायच्या. खालून वर येत न्हवत्या. ह्या दगडाची वरची कड झिजलीय, खालची कोरी हाय." प्रज्ञानं तिथल्या भाषेत सांगितलं. बाईंनी चष्मा लावून दगड बघितला, मग उस्तादांकडे बघितलं आणि विचारलं, हे प्राध्यापक आहेत का? प्रज्ञा बापाच्या कानात ओरडली, "बाबा, त्या विचारायल्यात, तुम्ही प्रोफेसर का?" उस्ताद म्हणाले, "आँ?" पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ज्वालामुखी समोरच दिसत होता. मी त्या दिवसाची हकिकत उस्तादांच्या कानाशी ओरडून सांगितली. राख कशी पडली, माणसं कशी पळाली. उस्ताद ऐकत राहिले. मग विचारलं, "गाड्या बाहेर निघाल्या का, सर?" सगळा इतिहास शिकवून मला हे कधी सुचलंच नव्हतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही एका अरुंद बोळाच्या तोंडाशी आलो. कोपऱ्यावर एक दगड रोवलेला, त्याला आडवी खोल खाच पडलेली. उस्तादांनी तिच्यावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"ही गाडी मागं घेताना लागलीया," ते म्हणाले. "आत माल उतरवला, वळायला जागा न्हाई, म्हून मागं घेतली. आन् लागली."

खरं-खोटं देव जाणे. पण प्रज्ञाला मजा वाटली. तिनं ओढणी रोमन पुतळ्यांसारखी खांद्यावरून घेतली आणि ओरडली, "बाबा, मग चौकशी लावा! मी अध्यक्ष!"

"लावू की," उस्ताद म्हणाले. "मी डायवर. सर, तुमी मागचा माणूस. उभे ऱ्हावा तिथं, दगडापाशी."

मी जाऊन उभा राहिलो. उस्ताद बोळात वीस पावलं आत गेले, माझ्याकडे पाठ केली, दोन्ही हातांत नसलेले कासरे धरले. "म्हणा सर!"

"येऊ द्या," मी म्हणालो. ते पाठमोरे एकेक पाऊल मागं यायला लागले. "येऊ द्या... येऊ द्या..." मान वळवली नाही. मागं एकदाही बघितलं नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस, खाली उंचसखल दगड, आणि त्याची टाच त्या कोपऱ्याच्या दगडाकडे सरकत होती. मी काहीच बोललो नसतो तरी तो येतच राहिला असता. पडला असता, पण बघितलं नसतं. कारण मागं मी उभा होतो.

"थांबा!" मी किंचाळलो.

उस्ताद थांबले. उचललेला पाय तसाच हवेत. दगड टाचेपासून वीतभर.

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. प्रज्ञाच्या खांद्यावरची ओढणी घसरली. "बाबा," ती म्हणाली, नेहमीसारखी ओरडून नाही, अगदी हळू, "तुम्हाला पाठीमागून ऐकू आलं?"

उस्तादांनी घाईनं पाय खाली ठेवला, मान तिरकी केली. "आँ?"

"ऐकू आलं त्यांना," मी म्हणालो. "त्या दिवशीही आलं असतं, प्रज्ञा. मी थांबा म्हणालोच नव्हतो. मी फोनवर होतो. खोटं बोललो मी."

"आँ?" उस्ताद मोठ्यानं म्हणाले. "काय म्हणायलाव, सर?"

"उस्ताद, आता बास. पाया पडतो तुमच्या."

मग मी सगळं सांगितलं. कमान, फोन, फाइल, सगळं. प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी पोरगी. शेवटी एवढंच म्हणाली, "पुरावा बघून बोलायचं, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना, सर?"

मी हो म्हणालो. ते वाक्यसुद्धा तिच्या बापाचं होतं, हेही सांगून टाकलं.

उस्ताद कडेच्या दगडी पायरीवर बसले. मग म्हणाले, "सर, तुमची ऑर्डर निघायची व्हती. लेकरंबाळं व्हती तुमाला. तुमचा राग न्हाई आला मला. पर येक सांगू का? सव्वीस वर्सं समद्यायनं मला बघितलं व्हतं. 'थांबा' म्हणल्यावर हा माणूस थांबत न्हाई, असं त्यायला वाटलंच कसं? येक जण, येक जण तरी म्हणायला पायजे व्हतं, की साहेब, आधी चाक बघा." त्यांनी पायाखालच्या दगडांकडे बघितलं. "तेवढं लागलं बघा मनाला."

प्रज्ञा त्यांच्यापुढं जाऊन बसली. "आणि ती बटणाची परीक्षा?"

"नापास व्हायला लय मेहनत केली, माय."

ती हसली, आणि हसता हसता हुंदका फुटला तिला. बापाच्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या. मग कानातलं मशीन उपटून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन खसकन ओढली.

माझ्याशी ती स्टेशनपर्यंत बोलली नाही. तिथं तिनं तीन कॉफ्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली. "शाळेत सांगाल?"

"सांगतो."

"बाबांच्या समोर."

"त्यांच्या समोर."

उस्ताद मात्र तेव्हा तिथं नव्हतेच. गाडी फलाटाला लागली होती आणि ते वाकून तिची चाकं बघायले होते.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं निवृत्त लोकांना झेंडावंदनाला बोलावलं. उस्ताद पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, धुवट पांढरा शर्ट, रिकामे कान. जुने अध्यक्ष आता नाहीत, त्यांचा मुलगा कारभार बघतो. मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी ते दोन शब्द बोललो. कमानीकडे हात करून सांगितलं की तो खांब उस्तादांनी नाही, मी फोडला, आणि वर खोटंही बोललो. लेकरांना काही कळलं नाही. जुने शिक्षक खाली बघायला लागले. एक-दोघांनी उस्तादांकडे बघून हात जोडले. टाळ्या-बिळ्या काही वाजल्या नाहीत, आणि वाजायलाही नको होत्या.

नवे मुख्याध्यापक भला माणूस. त्यांना वाटलं, ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्याला बिचाऱ्याला काही ऐकूच गेलं नसणार. ते लगबगीनं उस्तादांजवळ गेले, वाकले, कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "उस्ताद! सर काय म्हणाले, ऐकू आलं का?"

उस्तादांनी चेहरा मागं घेतला, कान चोळला आणि म्हणाले, "हळू बोला की, साहेब. मी काय बैरा हाय का?"